बिनलेबलांचा ट्रे

"हा काय आहे?" आईनं विचारलं.

"दगड," मी म्हटलं.

"तो मलाही दिसतोय. कोणता?"

"माहीत नाही."

रविवार होता, सकाळचे साडेअकरा. मी आईच्या ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होते. दर रविवारी मी माझ्या घरून तिच्याकडे जायचे, दोघींचा स्वयंपाक करायचे, दोनदा भांडायचे आणि चारच्या सुमारास परत निघायचे. त्या दिवशीचं पहिलं भांडण कुकरच्या शिट्ट्यांवरून उरकलं होतं. दुसऱ्याला अजून वेळ होता.

आई माझ्या नाकासमोर दगड धरून उभी होती. लिंबाएवढा, गुलाबीसर पांढरा, गुळगुळीत. शेजारच्या बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगातून उचललेला. निवृत्त प्राध्यापिका सकाळी फिरायला गेल्या की दुसऱ्यांच्या कुंपणातली फुलं तोडून आणतात. आमच्या आईसाहेब दुसऱ्यांच्या रेतीतले दगड आणायच्या. नागपुरातल्या एका कॉलेजात तिनं चौतीस वर्षं भूशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्त झाली ही गोष्ट तिला कुणी कळवलेली दिसत नव्हती.

"नीट बघ. भिंग घे."

"माझे हात मेथीचे आहेत."

"भिंगाला मेथी चालते."

"आई, मला त्यातलं कळत नाही. किती वेळा सांगू?"

ती माझ्याकडे बघत राहिली. अलीकडे तिची बघण्याची एक नवीनच तऱ्हा झाली होती. मान जराशी वळवायची आणि डोळ्यांच्या कडेनं बघायचं. विद्यार्थी थापा मारत असला की परीक्षक बघतो ना, तसं. मला त्या बघण्याचा फार राग यायचा.

"बरं," ती म्हणाली. बाल्कनीत गेली, लोखंडी रॅकच्या सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये तिनं तो दगड ठेवला. टक्क असा आवाज आला. वरच्या सगळ्या ट्रेंमधले दगड ओळीनं लावलेले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख. खालच्या ट्रेमध्ये नुसतेच दगड होते. तो ट्रे गेल्या दोन वर्षांत भरत चालला होता. मी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते, हे माझं त्या घरातलं मुख्य काम होतं.

जेवताना दिगूमामाचा विषय निघाला. दिगूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गेली पन्नास वर्षं तिला सल्ले देणारा.

"गाळाचा खडक आहे तो," आई म्हणाली. "स्वतः काही करायचं नाही. वरून जे पडेल ते साठवायचं. आणि मग पन्नास वर्षांनी एकेक थर काढून दाखवायचा. माझ्या लग्नात त्याला जिलबी कमी वाढली, ते परवा पुन्हा ऐकलं मी."

"आणि तू?"

"मी अग्निज. एकदा तापले, एकदा निवले. आता काय फरक पडायचा?"

"आणि मी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

तिनं पुन्हा तशीच मान वळवली. "तू कशाला खडकांत येतेस? तुला तर त्यातलं कळत नाही."

हे दुसरं भांडण. मी भांडी घासली, चार वाजता पर्स उचलली आणि निघाले. दारात ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मेथी नको." मी म्हटलं, "बरं." आमच्या तीस वर्षांच्या संवादातलं हे एकमेव एकमत, आणि ते शेवटचं ठरलं.

सोमवारी सकाळी तिच्याकडे कामाला येणाऱ्या कलाबाईचा फोन आला.

"ताई, बाई उठून नाही राहिल्या."

---

आईला या जगात जे जे मान्य नव्हतं त्याची यादी बरीच मोठी होती. त्यात दहावा-तेरावा फार वरच्या क्रमांकावर होता. पण बाईंनी लिहून काहीच ठेवलं नव्हतं. म्हणजे स्वतःविषयी नव्हतं. दगडांविषयी दोन पानं होती: संग्रह कॉलेजला द्यावा, चिठ्ठ्या हलवू नयेत, ग्रॅनाइटच्या खोक्यावर बेसॉल्टचं खोकं ठेवू नये. स्वतःला कुठे ठेवावं याबद्दल एक ओळ नाही.

ती उणीव दिगूमामानं भरून काढली.

"माईचा विश्वास नव्हता हे ठीक आहे," तो घाटावर म्हणाला. "पण आता ती कुठे विरोध करून राहिली?"

बिनतोड मुद्दा होता. बाबा आठ वर्षांपूर्वीच गेलेले, भाऊबहीण मला नाही. मुलीनं अग्नी द्यावा की नाही यावर दहा मिनिटं चर्चा झाली, ती करणाऱ्या कुणालाच स्वतः द्यायचा नव्हता, म्हणून मग मी दिला. हरकरे गुरुजींनी जमिनीवर पसरलेल्या खडीतून एक दगड उचलला, माझ्या खांद्यावर पाण्याचं मडकं ठेवलं. मी चितेभोवती फिरले, मामानं दर फेरीला त्या दगडानं मडक्याला एकेक भोक पाडलं. मग मडकं मागे टाकलं आणि गुरुजींनी तो दगड माझ्या हातात दिला.

"हा जीवखडा. दहा दिवस आई यात आहे असं समजायचं. बाहेर ठेवा, घरात नको. रोज पाणी आणि तीळ वाहायचे. दहाव्याला नदीत सोडायचा. जपा."

मी तो पर्समध्ये टाकला. घरी येईपर्यंत आई माझ्या चष्म्याच्या डबीवर आपटत होती.

चष्म्याच्या डबीला पडलेला पोचा मी बघितला. दगडाकडे बघितलं नाही. काळपट होता, मुठीत मावत होता, एवढंच. तीस वर्षांची सवय होती, ती एका दिवसात कशी मोडणार? बाल्कनीत, रॅकच्या शेजारी, एका स्टीलच्या वाटीत मी तो ठेवला. रोज सकाळी आंघोळ करून, दुसरीकडे बघत, त्याच्यावर पाणी आणि चिमूटभर तीळ घालत होते. आईच्याच घरी राहत होते. येणारे लोक सांगत होते की किती छान मरण आलं, कुणाला त्रास दिला नाही. आईनं कुणाला त्रास दिला नाही असं तिच्या हयातीत कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

---

नवव्या दिवशी सकाळी मी आणि मामा दुसऱ्या दिवशीचं सामान आणायला गेलो होतो. दर्भ, पत्रावळी, जवाचं पीठ. परत आलो तर दारात अकरा खोकी रचलेली आणि बाहेरच्या खोलीत डॉ. मेंढे चहा पीत बसलेले. मेंढे म्हणजे आईचे जुने विद्यार्थी, आता तिच्याच कॉलेजात विभागप्रमुख. संग्रह न्यायला ते येणार होते, पण तेराव्यानंतर.

"ताई, म्हटलं तुमचा भार हलका करून टाकावा," ते उठून म्हणाले. "कलाबाईंनी दार उघडलं. सगळं पॅक केलं. बेसॉल्ट खाली, ग्रॅनाइट वर. खालचा एक ट्रे तेवढा राहिला. बिनलेबलांचा. तो कसा नेऊ? लेबल नाही तर नमुना नाही, नुसता धोंडा. मॅडमच म्हणायच्या."

"राहू द्या तो."

"आणि तो भिजत घातलेला पण त्यातच ठेवून दिला."

"कोणता भिजत घातलेला?"

"वाटीतला. मॅडम नाही का, नवीन दगड आणला की वाटीत भिजवायच्या? शेवटचाच असेल बिचाऱ्यांचा. काहीतरी बारीक काळं काळं चिकटलं होतं त्याला. चांगला ब्रश मारला, धुतला, पुसला. चकाचक."

मामाच्या हातातून पत्रावळी खाली पडल्या.

"तीळ होते ते," मी म्हटलं.

मेंढ्यांचा कप ओठांशी थांबला. त्यांच्याही घरी मृत्यू झालेच असणार. चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. "ताई... मॅडमच्या घरी जीवखडा असेल असं मला स्वप्नातसुद्धा नाही वाटलं हो."

"मॅडमलाही नसतं वाटलं."

"म्हणजे माई," मामा बाल्कनीकडे बोट दाखवत म्हणाला, "त्या ट्रेमध्ये आहे?"

"हो."

"एकूण किती आहेत?"

"चौसष्ट," मेंढे अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मॅडम धरून. आणि ठेवल्यावर मी ट्रे जरा हलवला. सारखा केला."

आयुष्यात एकदाही वाट न चुकलेली बाई, मेल्यावर नऊ दिवसांत हरवली. तेही स्वतःच्या बाल्कनीत, स्वतःच्या शिष्याकडून, स्वच्छ धुऊन.

मामानं गुरुजींना फोन लावला आणि चेहरा उजळून परत आला. "काही अडचण नाही. दुसरा दगड घ्यायचा, उद्या पहिल्या दिवसापासूनची तिलांजली पुन्हा द्यायची. तासभर जास्त लागेल. घे बेटा, कोणताही एक उचल. दगडासारखे दगड सगळे."

"नमुना बदलायचा?" मेंढे एकदम म्हणाले. "मॅडमच्या बाबतीत?"

"मग काय झालं?"

"मामा, दुसऱ्या वर्षाला असताना माझा एक नमुना हरवला होता. मी परीक्षेत तसाच दिसणारा दुसरा ठेवून दिला. मॅडमनी हातात घेतला, परत ठेवला आणि माझं वर्ष घालवलं. म्हणाल्या, दगड चुकला तर शिकवता येतं, दगड बदलला तर नाही."

मामा माझ्याकडे बघू लागला. हा प्रश्न खरं तर फार सोपा होता. आईचा या सगळ्यावर विश्वास नव्हता आणि माझाही नव्हता. खडीतून एक खडा उचलला होता, दुसरा उचलायचा. पण मी म्हटलं, "नाही. तोच शोधायचा. उद्या सकाळी आठच्या आत."  

---

आम्ही बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली आणि ट्रे उलटा केला. मी मेंढ्यांना आईचं भिंग दिलं.

"बघा. घाटावरच्या खडीतला आहे, काळपट, मुठीएवढा."

मेंढ्यांनी एक दगड उचलला, फिरवला, भिंगातून बघितला, भिंगाशिवाय बघितला. मग घसा साफ केला.

"ताई, खरं सांगू? माझं सगळं काम उपग्रहाच्या चित्रांवर. आठशे किलोमीटर उंचीवरून सांगतो कोणता खडक आहे ते. हातात घेतला की जरा गडबड होते."

मामा म्हणाला, "मग गच्चीवर जाऊन बघता का?"

मी भिंग परत घेतलं. ते डोळ्याशी नेताना काळ्या दोरीला आईच्या पावडरचा वास आला. पहिला दगड घेतला.

"बेसॉल्ट," मी म्हटलं. "पण हा नाही. याला भट्टीतलं डांबर लागलंय. रस्त्यावरचा."

मामानं त्या दगडाला हात जोडून तो बाजूला ठेवला.

"मामा, हा नाहीये."

"असू दे. चुकून राहून जायला नको."

दुसरा. "वाळूचा दगड. कामठीकडचा. नदीनं आणलेली वाळू, वर थरावर थर, मधे लोखंडाचा गंज सिमेंटसारखा. बघा, नखानं कण सुटतात."

तिसरा. "संगमरवर. आधी चुनखडी असणार. खाली दबली, भाजली, सगळे कण नव्यानं जुळले. शिंपले-बिंपले काय होते ते गेले."

"ताई, लिहून घेऊ का?" मेंढ्यांनी खिशातून पेन काढलं. "बघतोच आहोत तर चिठ्ठ्याही होतील."

त्यांना थांबवण्याएवढा वेळ नव्हता. मी सांगत गेले, ते लिहीत गेले, मामा नमस्कार करत गेला. नागपूरची गंमत अशी की पश्चिमेला लाव्हाचा काळा खडक, उत्तरेला वाळूचा, पूर्वेला दाबानं बदललेला. एखाद्या बांधकामाच्या ढिगात तिन्ही भेटतात. नाइस आला, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा. "हा बघा, हा एके काळी ग्रॅनाइट असेल," मी म्हटलं. "वितळला नाही, नुसता दाबला गेला. इतका की आतली काळी खनिजं एकीकडे झाली, पांढरी एकीकडे. एका घरात राहून बोलणं टाकल्यासारखी." शिस्ट आला, अभ्रकानं चमकणारा. गारगोटी आली. एक विटेचा तुकडाही आला. "हा खडक नाही, माणसानं केलेला आहे. हाही रूपांतरितच म्हणा, माती भाजून."

माझा आवाज कधी वाढला ते मला कळलं नाही. विसाव्या-बाविसाव्या दगडाला मेंढ्यांचं पेन थांबलं.

"ताई, तुम्हाला येतं."

"थोडंफार."

"थोडंफार नाही. मी परीक्षक असतो तर पैकीच्या पैकी दिले असते."

"तुमच्या मॅडमनी अकरा दिले होते," मी म्हटलं. पंचविसांपैकी अकरा.

हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तोंडी परीक्षेला आई अंतर्गत परीक्षक. समोर बारा दगड होते, बाराही मी ओळखले. कसे झाले, कशाचे झाले, पुढे कशात बदलतील, सगळं सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनीच नंतर कॅन्टीनमध्ये मला सांगितलं, "तेवीस ठरले होते. तुझ्या आईनं खोडून अकरा केले. म्हणाल्या, घरची मुलगी आहे, लोक बोलतील." ते फार कौतुकानं सांगत होते. अशी तत्त्वनिष्ठ बाई त्यांनी बघितली नव्हती. मी रोज बघत होते.

मी आईला एका शब्दानं बोलले नाही. तिसऱ्या वर्षी विषय सोडला, पुढे ग्रंथालयशास्त्र केलं, आणि पुस्तकांना चिठ्ठ्या लावण्यात आयुष्य काढलं. त्यानंतर तिनं कोणताही दगड पुढे केला की मी "माहीत नाही" म्हणायचे. तिनं मला अकरा मार्क दिले, मी तिला तीस वर्षं त्याच लायकीची उत्तरं दिली. आमच्या घरात न्याय चोख होता.

मेंढ्यांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. अकरा आणि तेवीस एवढंच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम बोलल्या होत्या एकदा," ते म्हणाले. "कारण नाही सांगितलं. मी म्हटलं होतं, हा खालचा ट्रे मी लावून देतो, पोरांना घेऊन येतो कॉलेजातून. तर म्हणाल्या, 'हात लावू नकोस. तो मृदुलाचा आहे. तिला सगळं येतं, पण ती रागावली आहे. राग गेला की सांगेल.'"



"मग स्वतः का नाही लावला?" मी विचारलं. "चौतीस वर्षं दुसऱ्यांना लावायला शिकवलं. परीक्षाच घ्यायची होती ना माझी? दर रविवारी? सत्तरी उलटली तरी?"

"परीक्षा कसली, ताई?" मेंढे माझ्याकडे बघतच राहिले. "त्यांना दिसत कुठे होतं?"

"काय दिसत नव्हतं?"

"मधलं. दोन्ही डोळ्यांचं. दोन वर्षं झाली. पडद्याचा आजार होता, उपाय नव्हता. कडेचं तेवढं दिसायचं. मान वळवून बघायच्या नाही का?" त्यांनी स्वतःची मान वळवून दाखवली. हुबेहूब तशी. "मीच न्यायचो डॉक्टरकडे. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

"का?"

"म्हणायच्या, कळलं तर ती कीव येऊन सांगेल. मला तसलं उत्तर नको."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मी हातातला दगड बघत होते. गुलाबीसर पांढरा, लिंबाएवढा. ट्रे हलवल्यामुळे कुठेतरी मधे गेला होता, तो आता आला होता. बोटांनी फुलं-भाजी ओळखता येते, रस्ता ओळखता येतो, माणसं आवाजावरून ओळखता येतात. पण कण एकमेकांत कसे बसलेत ते डोळ्यांनीच बघावं लागतं. ती मला नाकासमोर दगड धरून विचारत होती, कारण तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"क्वार्ट्झाइट," मी म्हटलं. "लिहा. आधी वाळू होती, मग वाळूचा दगड, मग दाब आणि उष्णता. वाळूचा दगड फुटतो तो कणांच्या कडेकडेनं. हा फुटतो तो कणांमधून आरपार. कारण कण आता वेगळे राहिलेलेच नसतात."

मेंढ्यांनी लिहिलं. त्या रविवारी हे सांगायला मला दहा सेकंद लागले असते. मेथी थांबली असती.

---

बेचाळिसाव्या दगडापर्यंत ऊन बाल्कनीतून सरकून गेलं होतं. कलाबाईनं दोनदा चहा आणून दिला आणि दोनदा विचारलं, "सापडल्या का बाई?"

शेवटी सात काळे दगड उरले, सगळे बेसॉल्ट, सगळे मुठीएवढे. इथे नाव उपयोगाचं नव्हतं. एकाच लाव्हाचे सात तुकडे, त्यातला एक नऊ दिवस माझी आई होता. मी नऊ दिवसांत एकदा जरी त्याच्याकडे सरळ बघितलं असतं तर एका सेकंदात ओळखला असता. आता एकेकावरून भिंग फिरवावं लागलं, नखाएवढी जागा सोडून पुन्हा नखाएवढी.

पाचव्या दगडाला बारीक बारीक भोकं होती. लाव्हा निवताना आतले वायू बुडबुडे होऊन वर येतात, वरचा थर घट्ट झाला की तिथेच अडकतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपतं आणि त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवी, पारदर्शक खनिजं धरतात. त्या सगळ्यांची नावं मला पाठ होती. एका पोकळीत, ब्रशचा केस पोचणार नाही इतक्या आत, काहीतरी काळं, लांबट, एका टोकाला निमुळतं असं बसलं होतं. भूशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात ते खनिज नाही.

मी टाचणीनं टोकरलं. तीळ होता.

मी दगड पुढे धरला. मेंढ्यांनी भिंगातून बघितलं आणि त्यांचा खालचा ओठ लहान मुलासारखा बाहेर आला. मामानं नमस्कारासाठी हात उचलले, पण या वेळी ते जोडायचे राहिले. तो भिंतीकडे तोंड करून "माई, माई" म्हणत रडायला लागला. जिलबी विसरला असावा.

मी दगड वाटीत ठेवला आणि पाणी घातलं. बघून.

"राहिलेले दोन?" थोड्या वेळानं मेंढ्यांनी विचारलं. "आता गरज नाही म्हणा."

"सांगते," मी म्हटलं. "लिहा."

---

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. दहावा केला तो कन्हान नदीचा घाट नंतर बांधून काढला, फरश्या बसवल्या. तेव्हा नुसती वाळू होती आणि त्यात आम्ही पाच-सात माणसं. पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून गुरुजींनी हात मागे घेतला न घेतला तोच आला. मामाची जरा निराशा झाली. त्यानं आईला द्यायची तीन-चार वचनं तयार ठेवली होती.

मग गुरुजींनी मला गुडघाभर पाण्यात उभं केलं. शेवटची तिलांजली झाली. "आता पाठमोऱ्या व्हा आणि सोडा," ते काठावरून म्हणाले. "नंतर मागे बघायचं नाही. काही बोलायचं असेल तर आत्ता बोला."

असल्या वेळी काय बोलतात ते मी बऱ्याच ठिकाणी वाचलेलं होतं. छान छान असतं. मी दगड वर उचलला आणि ऊन पडेल असा धरला. पाण्यानं तो काळाभोर झाला होता.

"बेसॉल्ट," मी म्हटलं. मोठ्यानं, परीक्षेत म्हणतात तसं. गुरुजी काठावर मंत्र म्हणत होते ते थांबले. "लाव्हाच्या थराचा वरचा भाग. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भोकं वायूची आहेत. आत काही धरलेलं नाही, रिकामी आहेत."

काठावर कुणीतरी कुजबुजलं. मामानं त्याला गप्प केलं. मी वळले, पाठ नदीकडे केली. मेंढे समोर वाळूत उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

"आई, मला येत होतं," मी म्हटलं. "दर वेळी येत होतं. मी मुद्दाम सांगत नव्हते."